कौशल्य आहे, फीचे डॉलर नाहीत

आफ्रिकेतल्या ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता, वापरता आणि बदलता येतो अशा सॉफ्टवेअरच्या कौशल्यांचा विषय आपल्याकडच्या आयटीतल्या लोकांपुढे काढला की एक सूर हमखास लागतो: तिकडे अजून कुठे काय आहे, आधी त्यांना शिकवायला हवं. माझं रोजचं काम लागोस आणि नैरोबीतल्या इंजिनिअर्सबरोबर चालतं. त्यामुळे हा सूर ऐकला की मला गप्प बसवत नाही. म्हणून आज जरा लांबलचक लिहितेय.

केनियात एल्डोरेट नावाचं शहर आहे. लांब पल्ल्याच्या धावपटूंमुळे काहींना ते माहीत असेल. त्याच्या जवळच्या मोसोरिओटमधल्या ग्रामीण आरोग्य केंद्रात २००१ मध्ये रुग्णांच्या नोंदी संगणकावर घ्यायला सुरुवात झाली, तीही साध्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये. मग एचआयव्हीवरच्या उपचारांचं काम वाढलं, रुग्ण हजारोंनी वाढले आणि ती व्यवस्था अपुरी पडायला लागली. तिथल्या मोई विद्यापीठाबरोबर काम करणाऱ्या अमेरिकी डॉक्टरांनी आणि इतर काही जणांनी मिळून २००४ मध्ये ओपनएमआरएस हे रुग्णांच्या नोंदी ठेवणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर लिहायला घेतलं आणि २००६ मध्ये ते एल्डोरेटला प्रत्यक्ष चालू झालं. त्याची रचना बघण्यासारखी आहे. रक्तदाब, वजन, औषधाचं नाव, अशी प्रत्येक गोष्ट त्यात एका कोशातली नोंद असते. नवी तपासणी सुरू झाली तर डेटाबेसची टेबलं बदलायची नाहीत, कोशात एक नोंद वाढवायची. हे दवाखान्यातला थोडं शिकलेला माणूसही करू शकतो, प्रोग्रामरची वाट बघावी लागत नाही. जिथे प्रोग्रामर शंभर मैलांवर आहे तिथल्या गरजेतून आलेली ही सोय आहे. पुढे याच ओपनएमआरएसच्या पायावर थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या भारतातल्या मंडळींनी ‘बम्हनी’ नावाची प्रणाली बांधली, ती छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला, जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयासाठी. म्हणजे केनियातल्या दवाखान्यांत तावून सुलाखून निघालेलं सॉफ्टवेअर आपल्या आदिवासी भागातल्या रुग्णांच्या कामी आलं. कोण कोणाला शिकवतंय, हा प्रश्न इतका सरळ नाही.

आणि हे एकच उदाहरण नाही. डीएचआयएस हे सार्वजनिक आरोग्याची आकडेवारी सांभाळणारं सॉफ्टवेअर वर्णभेदाची राजवट संपल्यानंतरच्या दक्षिण आफ्रिकेत सुरू झालं, ऑस्लो विद्यापीठाच्या साथीने वाढलं आणि आज भारतासकट कितीतरी देशांत चालतं. २००७ च्या निवडणुकीनंतर केनियात हिंसाचार उसळला तेव्हा कुठे काय घडतंय याचे निरोप मोबाइलवरून गोळा करून नकाशावर दाखवणारं ‘उशाहिदी’ काही दिवसांत उभं राहिलं, आणि नंतर ते जगभर आपत्तीत वापरलं गेलं. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमची उबुंटू ही आवृत्ती काढणारा मार्क शटलवर्थ दक्षिण आफ्रिकेतला आहे, हे तर बहुतेकांना ठाऊक असेलच.

शिकवण्याची परंपराही तिथली स्वतःची आहे. नेटवर्क चालवणाऱ्यांच्या ‘ॲफनॉग’ या संघटनेची पहिली कार्यशाळा २००० मध्ये केपटाउनला झाली. घानाचे नी क्वेनर हे त्यामागचं मोठं नाव. खरे राउटर, खरे सर्व्हर समोर ठेवून, फ्रीबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर हात चालवून शिकायचं, आणि शिकलेल्यांनी पुढच्या खेपेला शिकवायला उभं राहायचं. केनियाच्या डॉर्कस मुथोनी यांनी २००४ मध्ये संगणक क्षेत्रातल्या मुलींसाठी आफचिक्स हे जाळं सुरू केलं; २०१४ मध्ये त्यांचं नाव इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये गेलं. फॉस्फा ही आफ्रिकेची मुक्त सॉफ्टवेअरची संस्था २००३ ची. तिच्या ‘इडलेलो’ परिषदा केपटाउन, नैरोबी, डकार, अक्रा अशा फिरत राहिल्या, आणि जर्मन विकाससंस्थेच्या मदतीने तिने लिनक्सची सर्टिफिकेटं देणाऱ्या लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेसाठी आफ्रिकेतल्या प्रशिक्षकांकरता शिकवण्याचं साहित्य तयार केलं. २०१८ मध्ये नायजेरियात सुरू झालेली ओपन सोर्स कम्युनिटी आफ्रिका ही तर पार नव्या पिढीची.

मग अडतं कुठे? सर्टिफिकेटपाशी, म्हणजे काम येतं हे परीक्षा घेऊन सांगणाऱ्या कागदापाशी.

बर्लिनमध्ये बसून रिझ्युमे चाळणाऱ्या माणसाला पुण्यातलं कॉलेज एक वेळ माहीत असतं, घानातल्या कुमासीचं किंवा नायजेरियातल्या इबादानचं नसतं. तिथल्या पोरासाठी सर्टिफिकेट हे दारातून आत जाण्याचं साधन आहे. आपल्याकडे ते बढतीच्या वेळी उपयोगी पडतं, तिकडे ते नसेल तर मुलाखतीचा फोनच येत नाही. म्हणून ‘सर्टिफिकेटला काय अर्थ आहे, काम येणं महत्त्वाचं’ असं इथे आरामात बसून म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही.

आता हिशोब करू. नायजेरियाचंच बघा, तिथलं चलन नायरा. समजा परीक्षेची फी २०० डॉलर आहे. २०२३ च्या सुरुवातीला डॉलरचा अधिकृत भाव साधारण ४६० नायरा होता, म्हणजे ९२ हजार नायरा. त्या जूनमध्ये सरकारने नायराचा भाव बाजारावर सोडला आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत भाव १५०० च्या घरात गेला. तीच फी ३ लाख नायरा झाली. तेव्हा देशातलं किमान वेतन महिन्याला ३० हजार होतं. त्यातून पैसे जमवले तरी भरायचे कसे? २०२२ मध्ये तिथल्या अनेक बँकांनी नायरा कार्डावरचा परदेशी खर्च महिन्याला २० डॉलरपर्यंत खाली आणला होता. लागोसच्या माझ्या एका सहकाऱ्याची फी लंडनमधल्या चुलतभावाने भरली. असा चुलतभाव प्रत्येकाला नसतो.

घरून परीक्षा द्यायची म्हटलं तर कॅमेरा, रिकामी खोली, सलग वीज आणि सलग नेट हवं. मार्च २०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ समुद्राखालच्या चार केबल एकदम निकामी झाल्या आणि आयव्हरी कोस्टपासून नायजेरियापर्यंत नेट कोलमडलं. त्या आठवड्यात कोणाची परीक्षा असेल तर त्याने काय करायचं?

परीक्षेच्या स्वरूपाबद्दलही माझं ठाम मत आहे. रेडहॅट या लिनक्स कंपनीच्या आरएचसीएसए या परीक्षेला पर्यायांवर खूण करायची नसते. समोर मशिन असतं. पासवर्ड हरवलेल्या सर्व्हरमध्ये शिरा, डिस्कचे भाग पाडा, सर्व्हिस चालू करा, आणि हे सगळं मशिन रीबूट केल्यावरही टिकलं तरच गुण. अशा परीक्षेत घोकंपट्टी चालत नाही. ज्याने जुन्या, सेकंडहँड लॅपटॉपवर रात्री जागून हे केलंय तो तिथे चमकतो. अशाच परीक्षा वाढायला हव्यात.

काही जण म्हणतात, सर्टिफिकेट सोडा, गिटहबवरचं, म्हणजे जिथे प्रोग्रामर आपला कोड सगळ्यांसमोर ठेवतात त्या साइटवरचं काम दाखवा. ऐकायला छान आहे. पण बिनपगारी काम करायला मोकळा वेळ लागतो, वीज लागते, डेटा पॅक लागतो. ज्याला रोज पोटापाण्याची चिंता आहे त्याच्यासाठी ही अट परीक्षेच्या फीपेक्षा महाग पडते.

मोठ्या कंपन्या आणि संस्था आफ्रिकेसाठी फुकट कोर्सची कूपनं वाटतात आणि किती वाटली याचे आकडे छापतात. व्हिडिओ बघणं आणि परीक्षेला बसून पास होणं यात खूप अंतर आहे, आणि पैसा नेमका त्या शेवटच्या टप्प्यावर लागतो. महाराष्ट्रात २००१ पासून एमएससीआयटी चालू आहे. त्या कोर्सच्या दर्जावर बोलायचं तर वेगळी पोस्ट लागेल, पण तालुक्याच्या गावात केंद्र, मराठीत पुस्तक आणि रुपयांत फी, या व्यवस्थेमुळे लाखो मुलं परीक्षेपर्यंत पोचली हे खरं आहे. अक्रा, कंपाला, डकारच्या विद्यापीठांतच परीक्षा केंद्रं असावीत, फी तिथल्या चलनात आणि तिथल्या पगाराच्या बेताची असावी, डकारमध्ये फ्रेंचमधून परीक्षा देता यावी. यातलं अशक्य काहीच नाही.

बाकीचा पैसा कोणी द्यायचा? ज्यांचे सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि जे लागोस-नैरोबीतली माणसं स्वस्तात मिळतात म्हणून घेतात, त्यांनी. त्यात आपल्या पुण्या-मुंबईच्या कंपन्याही आल्या. आमच्याकडे मी मागणी लावून धरली आहे की तिकडच्या सहकाऱ्यांची परीक्षेची फी कंपनीने थेट भरावी. आधी स्वतःच्या खिशातून भरा, मग बिल लावा, असं नको. तुमच्या टीममध्ये आफ्रिकेतलं कोणी असेल तर तुमच्या एचआरला हे एकदा विचारा.