‘शंभर टक्के खात्रीची’ तपासणी आणि पिशवी काढायची घाई

यवतमाळ-वर्ध्याकडच्या बचतगटांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी पेशींना रंग देऊन करायची नवी तपासणी आली आहे. शंभर टक्के खात्रीची. निगेटिव्ह आली तर आयुष्यभर निश्चिंत, पॉझिटिव्ह आली तर लगेच पिशवी काढा. उपकेंद्रातल्या तपासणीत वेळ घालवू नका.’

तपासणी खरी आहे, चांगलीही आहे. तिच्याबद्दलचे हे दावे मात्र चुकीचे आहेत आणि ते बायांना महागात पडतील.

आधी ‘शंभर टक्के’चं बघू. या तपासणीला ड्युअल स्टेन म्हणतात. पी१६ हे पेशीची वाढ रोखणारं प्रथिन, तर केआय-६७ दिसतं ते विभाजन चालू असलेल्या पेशीत. निरोगी पेशीत दोन्ही एकदम सहसा सापडत नाहीत. हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूने पेशीचा ताबा घेतला की रोखणारी यंत्रणा निकामी होते, पी१६ साचत जातं आणि तरीही पेशी वाढतच राहते. स्लाइडवर पी१६ तपकिरी उमटतं, केआय-६७ लाल. तपकिरी पेशीत लाल केंद्रक, अशी एक पेशी दिसली तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह. अमेरिकेतल्या अथेना अभ्यासात, एचपीव्ही पॉझिटिव्ह असून कॅन्सरच्या अगदी आधीचे गंभीर बदल झालेल्या दर १०० जणींपैकी पॅप तपासणीने (पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायची जुनी पद्धत) सुमारे ५२ जणी ओळखल्या, ड्युअल स्टेनने सुमारे ७५. सुधारणा मोठीच आहे. पण २५ जणी सुटल्या, आणि असे बदल नसलेल्यांपैकी जवळपास चौघींमागे एकीचा रिपोर्ट उगाच पॉझिटिव्ह आला.

म्हणून ‘आयुष्यभर निश्चिंत’ हेही खोटं. रंगाची तपासणी निगेटिव्ह आली तरी विषाणू अंगात असू शकतो, त्यामुळे त्या बाईला पुन्हा बोलवावंच लागतं.

सगळ्यात घातक वाक्य उपकेंद्राबद्दलचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये ड्युअल स्टेनची शिफारस केली ती दुसऱ्या पायरीसाठी, एचपीव्ही डीएनए तपासणी, म्हणजे विषाणू आहे का ते बघणारी तपासणी, पॉझिटिव्ह आल्यानंतर. पहिली पायरीच गाळली तर दुसरीवर पोचणार कोण? एचपीव्हीचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते. ड्युअल स्टेनसाठी गर्भाशयमुखावरच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी लागतात, त्या ब्रशने दुसऱ्या कोणी घ्याव्या लागतात, वर प्रयोगशाळा लागते. झरी-जामणीच्या किंवा भामरागडच्या बाईला कुठलं सोपं पडेल, ते सांगायला नको.

आपल्याच राज्यातला पुरावा आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचं धाराशिव) सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तिथे एकदाच केलेल्या व्हिनेगर तपासणीने (गर्भाशयमुखाला व्हिनेगर लावून पांढरे पडणारे डाग बघणं; उपकेंद्रात बहुधा हीच होते) मृत्यूंत ठोस फरक पडला नाही, हेही सांगायलाच हवं. पण मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी तीच तपासणी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. साधी तपासणी असली तरी पुन्हा पुन्हा केली तर कामी येते. (पाळी गेलेल्या बायांत मात्र ती नीट लागू पडत नाही.) देशात ३० ते ४९ वयाच्या बायांपैकी एकदा तरी तपासलेल्या जेमतेम १.९ टक्के, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ५ सांगतं. ‘मले काई होत नाई, मंग कायले तपासू?’ म्हणणाऱ्या बाईला आशाताई महत्प्रयासाने तयार करते आणि हा मेसेज तिला परत घरी बसवतो. याचा मला मनापासून राग येतो.

राहिलं पिशवी काढणं. पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे कॅन्सर नव्हे. पुढे कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयमुख बघणं, आणि गरज वाटली तर बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणं. गंभीर बदल सापडलेच तर बहुतेक वेळा तेवढाच भाग उष्णतेने जाळतात किंवा तारेच्या लूपने काढतात. पिशवी जागेवर राहते. आधीच पिशवी काढली आणि आत कॅन्सर निघाला, तर साधं ऑपरेशन अपुरं ठरू शकतं आणि पुढचा उपचार अवघड होतो. कोणी रंगाच्या रिपोर्टवरच ऑपरेशनची तारीख देत असेल, तर बायोप्सीचा कागद मागा. आणि संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल, तर कुठलाही निगेटिव्ह रिपोर्ट हातात असला तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडून आतून तपासून घ्या.