स्टुडिओशी करार करताना आधी मालकी बघा, टक्के नंतर

संभाजीनगर, लातूर, नांदेडची व्हीएफएक्स (चित्रपटातली कॉम्प्युटरवर बनवलेली दृश्यं) आणि सॉफ्टवेअरवाली पोरं मुंबईच्या स्टुडिओंसोबत भागीदारीत उतरू बघतायत, याचा मनापासून आनंद आहे. पण बोलणी 'आपल्याला किती टक्के' यावरच अडकतात आणि मालकीचं कलम न वाचता सही होते.

कॉम्प्युटर ॲनिमेशन करणारी पिक्सार आणि बडा स्टुडिओ डिस्ने, यांचा १९९१ चा करार बघा. चित्रपट डिस्नेचा, पात्रंही डिस्नेचीच. पिक्सार तेव्हा अडचणीत होती, तरी थ्रीडी ॲनिमेशनचं तंत्रज्ञान पिक्सारचे मालक स्टीव्ह जॉब्सनी हातचं जाऊ दिलं नाही. १९९५ ला 'टॉय स्टोरी' चालला, १९९७ च्या नव्या करारात नफा निम्मा-निम्मा झाला, आणि २००६ ला पिक्सार घ्यायला डिस्नेला ७४० कोटी डॉलर मोजावे लागले.

म्हणून तयार शॉट खुशाल त्यांचे, पण ते बनवायला आपण लिहिलेले प्लगिन, स्क्रिप्ट, टूल, म्हणजे छोटे सॉफ्टवेअर, आपले. त्यांना त्या चित्रपटापुरता वापराचा परवाना. प्रोजेक्ट फाइल (ज्यात शॉट पुन्हा उघडून बदलता येतो) द्यायच्या असतील तर त्याचे वेगळे पैसे.

आता तारखेचं. 'एका मिनिटाचा शॉट, आठवड्यात देतो' असं म्हणण्याआधी गणित मांडा. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं; मिनिटाला १४४०. एका फ्रेमला दहा मिनिटं लागली तर एका मशीनवर सलग दहा दिवस रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरनं अंतिम चित्रं तयार करणं, तेही एकदाच. दिग्दर्शकानं प्रकाश बदलायला सांगितला की पुन्हा दहा दिवस. त्यामुळं मंजूर शॉटमध्ये किती वेळा फुकट बदल करणार, हे आकड्यात लिहा. दोनदा पुरे. पुढच्या प्रत्येक बदलाचा दर आधीच ठरवा.

आपल्याकडं लाईटचा भरवसा नाही. थेट व्हिडिओ फाइल रेंडर करू नका, मध्येच लाईट गेली तर अख्खी फाइल वाया जाते. फ्रेमगणिक वेगळी इमेज काढा. लाईट गेली तर चालू फ्रेमच जाईल. १० बिट ४के डीपीएक्सची (सिनेमात वापरतात तो मोठ्या इमेजचा फाइल प्रकार) एक फ्रेम साधारण ३५ एमबीची, म्हणजे मिनिटाला ५० जीबी. १०० एमबीपीएस अपलोड खरोखर मिळाला तरी पाठवायला तासाहून जास्त. तोही वेळ मुदतीत धरा, किंवा हार्ड डिस्क पाठवायचा खर्च कोणाचा ते लिहा.

आणि शेवटचा हप्ता 'चित्रपट प्रदर्शित झाल्यावर' असा अजिबात मान्य करू नका. पिक्चर डब्यात गेला की आपले पैसेही डब्यात. शॉट मंजूर झाल्यापासून ३० दिवस, असं बांधून घ्या, आणि मंजुरीपर्यंत फक्त वॉटरमार्क (चित्रावर आपल्या नावाचा पुसट शिक्का) असलेला प्रिव्ह्यू दाखवा.