फुटबॉल बंद केला म्हणून शिकागो विद्यापीठ मोठं झालं, हे खरं नाही

दहावी-बारावीच्या पालकांच्या गटांमध्ये फिरणारा एक मजकूर आहे. त्याचा सारांश असा: अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाचा फुटबॉल संघ अजिंक्य होता. १९३९ मध्ये रॉबर्ट हचिन्स या दूरदृष्टीच्या कुलगुरूंनी तो एका फटक्यात बंद केला, कारण खेळाने अभ्यास बुडतो. मोकळ्या झालेल्या मैदानावर तीन वर्षांत जगातली पहिली अणुभट्टी उभी राहिली. मग नोबेल पारितोषिकांची रांग लागली. तिथे पुन्हा कधीच फुटबॉल खेळला गेला नाही. आणि शेवटी पालकांना आवाहन: मुलांना मैदानावरून उठवा आणि टेबलापाशी बसवा.

साल बरोबर आहे, हचिन्स यांचं नाव बरोबर आहे, अणुभट्टीही खरी आहे. पण या गोष्टी ज्या कार्यकारणभावाने जोडल्या आहेत तो खोटा आहे. आणि त्याच्या भरवशावर घराघरांत मुलांचं खेळणं बंद होतं, म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा. (इथला फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. अंडाकृती चेंडू हातात धरून धावायचं आणि समोरच्यांनी अंगावर येऊन पाडायचं, तो खेळ.)

"अजिंक्य संघ बंद केला."

एके काळी हा संघ खरोखर बलाढ्य होता. विद्यापीठाचे वर्ग १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाले आणि त्याच हंगामात फुटबॉलही सुरू झाला. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी येल विद्यापीठातला आपला जुना विद्यार्थी अमोस अलोन्झो स्टॅग याला बोलावलं आणि प्रशिक्षकाला प्राध्यापकाची कायम जागा दिली. अमेरिकेत तेव्हा हे नवलाचं होतं. पहिल्या वर्षी माणसं कमी पडली, तर स्टॅग स्वतः मैदानात उतरून खेळला. विद्यापीठ नवं, नाव कुणाला माहीत नाही. फुटबॉलमुळे ते वर्तमानपत्रांत झळकेल हे हार्पर यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे या विद्यापीठाच्या पायाभरणीतच फुटबॉल होता. मजकुरात याचा उल्लेखही नाही.

पुढे विद्यापीठांच्या आपसांतल्या खेळांसाठी वेस्टर्न कॉन्फरन्स ही संघटना स्थापन झाली, तिलाच आज बिग टेन म्हणतात. शिकागो तिच्या सात संस्थापकांपैकी एक. १८९९ ते १९२४ या काळात शिकागोने तिची सात विजेतेपदं मिळवली. त्यातला १९०५ चा हंगाम अजूनही सांगितला जातो. मिशिगनचा संघ तेव्हा सलग ५६ सामन्यांत एकदाही हरलेला नव्हता. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी शिकागोत पंचवीस हजारांहून जास्त लोकांसमोर सामना झाला. वॉल्टर एकरसॉलने लाथेने चेंडू खोलवर मारला, तो घेऊन निघालेल्या मिशिगनच्या खेळाडूला शिकागोच्या पोरांनी त्याच्याच गोलरेषेमागे रेटून पाडलं. अशा वेळी दोन गुण मिळतात. अंतिम गुणसंख्या २-०. मिशिगनची मालिका तिथे संपली.

पण १९३९ चा संघ हा नव्हे. शेवटचं विजेतेपद १९२४ चं. १९२९ नंतर एकाही हंगामात जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त नव्हते. मध्ये एक तेजस्वी अपवाद आला तो जे बर्वँगरचा. १९३४ मध्ये शिकागोने मिशिगनला २७-० असं हरवलं. त्या सामन्यात बर्वँगरला पाडायला गेलेल्या मिशिगनच्या एका खेळाडूच्या डोळ्याखाली कायमचा व्रण राहिला. तो खेळाडू जेराल्ड फोर्ड, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा, आज हाइजमन नावाने ओळखला जाणारा पुरस्कार १९३५ मध्ये पहिल्यांदा दिला गेला तो बर्वँगरलाच. १९३६ मध्ये व्यावसायिक लीगची पहिली खेळाडू-निवड झाली, त्यात पहिलं नावही त्याचंच निघालं. तो व्यावसायिक फुटबॉल मात्र खेळला नाही. आणि इतका मोठा खेळाडू असूनही १९३५ मध्ये संघाने चार सामने जिंकले, चार हरले.

त्यानंतर घसरण थांबली नाही. वयाची सत्तरी गाठल्यावर स्टॅगला नियमाप्रमाणे शिकागो सोडावं लागलं होतं. तो कॅलिफोर्नियातल्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये गेला आणि १९३८ मध्ये त्या छोट्या कॉलेजचा संघ घेऊन शिकागोला आला. त्याच्याच नावाच्या मैदानावर शिकागो ३२-० असं हरलं. शेवटचा हंगाम तर वाचवत नाही. बिलॉइटसारख्या लहान कॉलेजकडून हार. मग हार्वर्डकडून ६१-०, व्हर्जिनियाकडून ४७-०, ओहायो स्टेटकडून ६१-०, इलिनॉयकडून ४६-० आणि मिशिगनकडून ८५-०. आठ सामन्यांत मिळवलेले गुण ३७, दिलेले ३०८. विजय फक्त वाबाश आणि ओबरलिन या दोन लहान कॉलेजांवर. याला अजिंक्य म्हणणं म्हणजे त्या वर्षी दर शनिवारी मैदानात उतरून मार खाणाऱ्या मुलांवर अन्याय आहे. त्यांची हिंमत खरी होती, पण त्यांना नको तितक्या ताकदीच्या संघांसमोर उभं केलं जात होतं.

"खेळाने अभ्यास बुडतो म्हणून हचिन्स यांनी एका फटक्यात बंद केला."

हचिन्स १९२९ मध्ये तिशीच्या उंबरठ्यावर अध्यक्ष झाले. फुटबॉल बंद झाला तो दहा वर्षांनी, २१ डिसेंबर १९३९ ला, विश्वस्त मंडळाच्या निर्णयाने. मधल्या काळात त्यांनी स्टॅगच्या जागी क्लार्क शॉनेसीसारखा जाणकार प्रशिक्षकही येऊ दिला. (शॉनेसी १९४० मध्ये स्टॅनफर्डला गेला आणि त्याचा संघ त्या हंगामात एकही सामना हरला नाही. दोष प्रशिक्षकात नव्हता, एवढं यातून कळतं.)

हचिन्स यांचा खरा आक्षेप पैशावर होता. १९३८ मध्ये त्यांनी एका मोठ्या राष्ट्रीय साप्ताहिकात लेख लिहिला. त्यात त्यांचा रोख तिकीटविक्रीवर, खेळाडूंना गुपचूप दिल्या जाणाऱ्या पैशांवर आणि विजयासाठी हपापलेल्या माजी विद्यार्थ्यांवर होता. तिकीट दहा सेंट करा, म्हणजे धंदा आपोआप थांबेल, असा उपायही त्यांनी सुचवला होता. खेळ वाईट असं त्यांचं म्हणणं नव्हतं. पन्नास हजारांचं स्टेडियम भरण्यासाठी विद्यापीठाने संघ पोसणं त्यांना मान्य नव्हतं. शिकागोतले पदवीचे विद्यार्थी थोडे होते, १९३१ पासून सर्वांना सारख्याच कठीण परीक्षा द्याव्या लागत होत्या आणि खेळाडूंसाठी सोपी वाट ठेवलेली नव्हती. या अटींवर ओहायो स्टेटशी बरोबरी शक्य नव्हती. मग दोनच मार्ग उरले: अटी सोडायच्या किंवा ती स्पर्धा सोडायची. विद्यापीठाने स्पर्धा सोडली. मला तो निर्णय प्रामाणिक वाटतो.

पण विद्यापीठाने खेळ सोडला नाही. बास्केटबॉल, अॅथलेटिक्स वगैरे चालूच राहिलं आणि बिग टेनमध्ये शिकागो १९४६ पर्यंत होतं. मजकूर लिहिणाऱ्याने एवढं एक साल शोधलं असतं तरी "मैदानावरून उठवा" हे वाक्य लिहिता आलं नसतं.

"मोकळ्या मैदानावर अणुभट्टी उभी राहिली."

डिसेंबर १९३९ मध्ये शिकागोत कुणाच्या मनातही अणुभट्टी नव्हती. युरेनियमच्या अणूचं विखंडन बर्लिनमध्ये सापडून जेमतेम एक वर्ष झालं होतं. शिकागोच्या आर्थर कॉम्प्टन यांनी निरनिराळ्या विद्यापीठांत विखुरलेलं काम आपल्याकडे एकत्र आणलं ते १९४२ च्या सुरुवातीला, महायुद्धात.

भट्टी मैदानावर नव्हतीच. स्टॅग फील्डच्या पश्चिमेकडच्या प्रेक्षक-स्टँडखाली रॅकेटने खेळायच्या खेळांचं एक बंदिस्त कोर्ट होतं, त्यात ती रचली गेली. तीही ठरलेली जागा नव्हती. भट्टी शहराबाहेर अरगॉनच्या जंगलात व्हायची होती. तिथल्या बांधकामावर कामगारांचा तंटा झाला आणि वेळ जाऊ लागला, तेव्हा एन्रिको फर्मी यांनी कोर्टाचा पर्याय पुढे केला. कॉम्प्टन यांनी हे हचिन्स यांना विचारलंसुद्धा नाही. शहराच्या मध्यात असा प्रयोग करायला अध्यक्षांना नाहीच म्हणावं लागेल, म्हणून त्यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली. ज्या दूरदृष्टीचं श्रेय हचिन्स यांना दिलं जातं, त्या निर्णयाची त्यांना कल्पनाही नव्हती. सुमारे ४५ हजार ग्रॅफाइटचे ठोकळे रचून २ डिसेंबर १९४२ ला पहिली नियंत्रित साखळी अभिक्रिया झाली. तिची शक्ती होती अर्धा वॅट. पुढच्याच वर्षी ती भट्टी मोडून अरगॉनला नेली.

आता या कथेतला मला सगळ्यात आवडणारा भाग. शिकागोला येण्याआधी फर्मी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ग्रॅफाइट आणि युरेनियमचे छोटे ढीग रचून मोजमापं करत होते. जड ठोकळे आणि युरेनियम ऑक्साइडचे जड डबे उचलून उचलून भौतिकशास्त्रज्ञ थकून गेले. तेव्हा डीन जॉर्ज पेग्रम यांनी तोडगा काढला: कोलंबियाच्या फुटबॉल संघातली मुलं तासाच्या मजुरीवर बोलवा. ती आली, आणि त्यांनी ते ओझं लीलया हलवलं. ही आठवण खुद्द फर्मी यांनी नंतर एका भाषणात कौतुकाने सांगितली आहे. म्हणजे अणुभट्टीच्या वाटेवर फुटबॉल आडवा आला नव्हता, फुटबॉलपटूंचे खांदे तिच्या कामाला लागले होते.

आणि कोलंबियाचाच दाखला पुढे न्यायला हवा, कारण त्या विद्यापीठाने शिकागोच्या आधी हा प्रयोग करून पाहिला होता. १९०५ मध्ये अमेरिकेत फुटबॉलमुळे अनेक तरुण दगावले, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना बोलावून घेतलं, नियम बदलले. कोलंबियाने तर खेळ बंदच करून टाकला. तो पुन्हा सुरू झाला १९१५ मध्ये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबियात शिकत होते, म्हणजे फुटबॉल बंद असतानाही आणि तो पुन्हा सुरू झाल्यावरही. त्यांना शिकवणारे जॉन ड्यूई, एडविन सेलिगमन दोन्ही काळांत तिथेच होते. फुटबॉल आल्याने त्या विद्यापीठाच्या ज्ञानाला कुठे तडा गेला?

"मग नोबेलची रांग लागली."

रांग आधीच लागली होती. अल्बर्ट मायकेल्सन यांना १९०७ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. विज्ञानात ते मिळवणारे ते पहिले अमेरिकन, आणि शिकागोचे प्राध्यापक. त्याच १९०७ मध्ये स्टॅगचा संघ कॉन्फरन्सचा विजेता होता. रॉबर्ट मिलिकन यांनी इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणारे तेलाच्या थेंबांचे प्रयोग शिकागोतच केले. ते चालू असताना बाहेर मैदान शनिवारी गजबजलेलं असे. त्यांना १९२३ मध्ये नोबेल मिळालं, कॉम्प्टन यांना १९२७ मध्ये. पुढे नोबेल मिळवणारे खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर शिकागो विद्यापीठात रुजू झाले ते १९३७ मध्ये, फुटबॉल बंद होण्याच्या दोन वर्षं आधी. १९३९ नंतरची पारितोषिकं पुष्कळ आहेत, पण त्यांचं मूळ याच पायात आहे.

एडविन हबल यांचं नाव तर या मजकुराला थेट उत्तर आहे. विश्व प्रसरण पावत असल्याचा पुरावा देणारा हा खगोलशास्त्रज्ञ १९१० मध्ये शिकागोचा पदवीधर झाला. विद्यार्थी असताना तो विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात होता आणि तो संघ त्या काळात विजेता होता. तिथून तो ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला. त्याला मैदानावरून कुणी उठवलं नव्हतं.

आपल्याकडे दहावीचं वर्ष लागलं की सायकल, बॅडमिंटनची रॅकेट, कबड्डीचा सराव सगळं वर्षभरासाठी बंद होतं. मूल थकतं, चिडतं, झोप उडते, आणि तरी शिकागोचं नाव पुढे करून ते योग्य ठरवलं जातं. शिकागोने काय बंद केलं होतं? तिकीट काढून हजारो लोकांनी पाहायचा, पैशावर चालणारा तमाशा. संध्याकाळी तासभर खेळणाऱ्या मुलीचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

"पुन्हा कधीच फुटबॉल खेळला गेला नाही."

हे तर सरळ चूक आहे. १९५० च्या दशकात विद्यापीठात फुटबॉलचा सराववर्ग सुरू झाला. १९६३ मध्ये बाहेरच्या कॉलेजशी सामना ठरला तेव्हा काही विद्यार्थी निषेध म्हणून मैदानात बसले. त्यांना जुने दिवस परत येण्याची भीती वाटत होती आणि ती निराधार नव्हती. तरीही १९६९ मध्ये विद्यापीठाचा अधिकृत संघ पुन्हा उभा राहिला. आज तो कॉलेज खेळांच्या डिव्हिजन तीन या गटात खेळतो, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही. खेळाडूंना प्रवेश आणि परीक्षा इतरांसारख्याच.

जुनं स्टॅग फील्ड मात्र राहिलं नाही. १९५७ मध्ये पश्चिमेचा स्टँड पाडला गेला, भट्टीच्या जागी १९६७ मध्ये हेन्री मूर यांचं शिल्प बसवलं आणि मैदानावर १९७० मध्ये रेगेनस्टाइन ग्रंथालय उघडलं. त्या ग्रंथालयात दक्षिण आशियाई भाषांचा मोठा संग्रह आहे, मराठी पुस्तकंही आहेत. मजकूर पाठवणाऱ्यांना हे कळलं तर "बघा, मैदानाच्या जागी ग्रंथालय" असंही ते लिहितील, म्हणून आत्ताच सांगतो: विद्यापीठाने मैदान मोडून टाकलं नाही, हलवलं. काही चौक पश्चिमेला, ५५ व्या रस्त्याजवळ नवं स्टॅग फील्ड आहे आणि फुटबॉल संघाचे घरचे सामने तिथेच होतात.