'बाप्तिस्म्यानंतरच्या पापाला क्षमा नाही' या मेसेजबाबत खुलासा

कोल्हापुरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: बाप्तिस्म्यानंतर, म्हणजे पाण्यानं ख्रिस्ती दीक्षा घेतल्यावर, जाणूनबुजून केलेलं पाप अक्षम्य, अशांनी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत उपासनेत वाटली जाणारी भाकर नि द्राक्षरस, घेऊ नये. सोडलेली दारू परत तोंडाला लागलेले शाहूपुरीतले एक काका तो वाचून रविवारी भाकरीचं ताट पुढं आलं तरी हात मांडीखाली घेऊन बसले. म्हणून हे लिहितोय.

मेसेजमध्ये बायबलातल्या इब्री लोकांस पत्रातलं 10:26 तेवढं तोडून घातलंय: सत्य कळल्यावर जाणूनबुजून पाप करत राहिलो तर पापासाठी यज्ञ उरत नाही. पुढचं 29 वं वचन वाचा. तिथं देवाच्या पुत्रालाच पायदळी तुडवणाऱ्याविषयी बोललंय, घसरून रडणाऱ्याविषयी नव्हे. मार्कच्या शुभवर्तमानातल्या 3ऱ्या अध्यायातलं अक्षम्य पाप म्हणजे पवित्र आत्म्याची निंदा.

आणि येशूचा शिष्य पेत्र? तो काय नवखा होता व्हय! कोळशाच्या विस्तवाशी शेकत असताना त्यानं येशूला नाकारलं, तेही तीनदा. योहान 21 मध्ये पुन्हा कोळशाचा विस्तव, वर मासे, आणि येशूचा प्रश्नही तीनदाच: माझ्यावर प्रीती करतोस काय? नाकारणाऱ्या पेत्राच्याच हाती येशूनं आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, सोपवली.

प्रभुभोजनाचं म्हणाल तर करिंथकरांस पहिल्या पत्रातलं 11:28 सांगतं, स्वतःची परीक्षा करा आणि मग भाकर खा. 'खाऊ नका' असं तिथं नाही. काकांना हे दाखवलंय.