रेड ऑक्साइड म्हणजे तीर्थ नव्हे

"शेठ, बॉनेटपण मारून दिलं. त्याचे पैसे नका देऊ."

नका देऊ म्हणे! ब्लास्टिंगला, म्हणजे दाबाच्या हवेने वाळू मारून रंग-गंज काढायला, दिली होती ती चासी, गाडीचा खालचा सांगाडा. बॉनेटवर खडूने हाताएवढ्या अक्षरांत 'ब्लास्टिंग नाही' लिहिलं होतं. ती अक्षरंसुद्धा वाळूने स्वच्छ निघालीत, कामात हयगय नाही. आणि बॉनेट कुठलं, तर मी पुन्हा उभी करत असलेल्या जुन्या स्टँडर्ड हेराल्डचं. दोन्ही मडगार्डांसकट अख्खं नाक एकसंध पुढे उलटतं ते. इटालियन डिझायनर मिशेलॉटीने काढलेली रेघ, १९६१ पासून मद्रासला बनलेली गाडी, आणि आता हा पत्रा भंगारातही सापडत नाही. सापडलाच तर हेडलाइटभोवती आणि खालच्या कडेला चाळणी झालेली असते. हे बॉनेट चांगलं होतं हो! रंग उडालेला, एक-दोन पोचे, बाकी शाबूत. त्यावर नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या या महाभागाने चासीचीच जाड वाळू, चासीचंच प्रेशर आणि नोझल काटकोनात धरून, मोठ्या मनाने, फुकटात...

वीस गेजचा पत्रा म्हणजे जेमतेम ०.९ मिमी. नव्वद-शंभर पीएसआयच्या दाबाने आलेला वाळूचा प्रत्येक दाणा त्यावर बारीक हातोडीचं काम करतो. वरचा थर ठोकून पसरतो, मागचा आहे तेवढाच राहतो, मग पत्रा जाणार कुठे? फुगतो. वर हे लोक छातीठोकपणे सांगणार, "गरम होऊन थोडा हलतो, थंड झाला की बसतो." अरे कसला बसतो! गरम होऊन नाही, ठोकून वाढलाय तो. वाढलेला पत्रा आपणहून आक्रसत नाही. ट्यूबलाइटखाली सरळ बघितलं तर काही कळणार नाही. बॅटरी तिरकी मारा, मग मधल्या सपाटीवर लाटा दिसतात. तळव्याने दाबलं की टक्कन आत, हात काढला की टक्कन बाहेर.

पेंटरकडे याचं उत्तर तयारच असतं. "लांबी भरू ना, कळणार पण नाही." टक्कन आत-बाहेर होणाऱ्या पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी! गाडी खड्ड्यात आपटली की पत्रा हलणार, लांबी हलणार नाही, तडा हमखास. लांबी शेवटच्या दोन मिलिमीटरसाठी असते, दोन बोटांसाठी नाही. एका दाराच्या खालच्या कोपऱ्यातून निघालेली जुनी लांबी बघितलीय: आत वर्तमानपत्राचा बोळा, त्यावर जाळी, त्यावर पाव इंच लांबी, वर चकाचक रंग. पत्रा नव्हताच. दार निव्वळ लांबीचं होतं.

बाहेरच्या पत्र्यांचा रंग काढायचा तर पेंट रिमूव्हर लावा, वर प्लॅस्टिकचा कागद अंथरा म्हणजे सुकत नाही, अर्धा-पाऊण तास थांबा आणि खरवडा. कंटाळवाणं आहे, हात भाजतात, पण पत्रा आहे तसा राहतो. ब्लास्टिंगच करायचं असेल तर खाण्याचा सोडा नाहीतर प्लॅस्टिकचे दाणे, तीस-चाळीस पीएसआय, नोझल तिरकं आणि सतत फिरतं. सोडा मारला तर नंतर भरपूर पाण्याने धुवायचा, नाहीतर प्रायमर धरत नाही. हे सगळं त्या माणसाला सांगून झालं होतं. "हो शेठ, हो शेठ" करत होता. जो जास्त वेळा हो म्हणतो तो एक शब्द ऐकत नसतो, हे या धंद्यात मी कधी शिकणार कोण जाणे.

आणि चासी. चासी तर ब्लास्टिंगलाच दिली होती. घरच्या दोन एचपीच्या कॉम्प्रेसरने ते होत नाही, टाकी क्षणात बसते आणि मोटर तापते, म्हणून तर एमआयडीसीची पायरी चढायची. संध्याकाळी चासी छान पांढरी झाली. शेड भरलेली, म्हणून रात्री बाहेर ठेवली. आणि रात्री पाऊस कसला, तर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कंबरेला पाणी लागावं असला. ब्लास्ट केलेलं लोखंड उघडं-नागडं असतं. आपल्या पावसाळी हवेत चार तासांच्या आत प्रायमर नाही मारला तर दमटपणानेच पिवळं पडतं, इथे तर रात्रभर अंघोळ. सकाळी केशरी झालेली चासी बघून शहाण्या माणसाने पुन्हा ब्लास्ट केली असती. याने फडकं फिरवलं आणि रेड ऑक्साइडचा, म्हणजे लाल प्रायमरचा, हात मारला. "लाल करून दिली शेठ, आता दहा वर्षं बघायला नको." नखाने खरवडलं तर खाली पिवळी भुकटी.

आपल्याकडे रेड ऑक्साइडवर लोकांची रामकुंडापेक्षा जास्त श्रद्धा आहे. एक बुडी मारली की मागचं सगळं धुतलं! अरे बाबांनो, साधा रेड ऑक्साइड पाणी अडवत नाही. ग्रिलला, गेटला ठीक आहे. चासीला दोन घटकांचा एपॉक्सी प्रायमर लागतो, कोरड्या दिवशी, दोन हात, शिवणींवर आधी ब्रशने एक हात वेगळा. हेराल्डच्या चासीला दोनेक लिटर पुरतो. आणि या लाल रंगावर एपॉक्सी किंवा पीयू (पॉलीयुरेथेन रंग) मारलं की त्यातला थिनर खालचा थर उचलतो, सुरकुत्या पडतात. म्हणजे आता लाल रंग काढायचा, गंज काढायचा आणि पुन्हा ब्लास्टिंगचे पैसे द्यायचे. आधीचे तर द्यायचेच आहेत.

खरं सांगायचं तर ज्या गावात महिंद्राचा कारखाना आहे, त्या गावात ९४८ सीसीच्या म्हाताऱ्या गाडीपायी रक्त आटवणाऱ्या माणसाने लोकांची अक्कल काढावी का, हाही प्रश्नच आहे. पोर्चमध्ये बॉडी लाकडी ठोकळ्यांवर, दिवाणखान्यात स्टिअरिंग, आणि घरची गाडी पावसात रस्त्यावर. येणारा-जाणारा विचारतो, "काका, मायलेज किती देणार?" कसलं मायलेज! चाकं माळ्यावर आहेत. दुसरा सांगतो, "एवढ्यात थार आली असती." आली असती. आमच्या नात्यातल्या समस्त मंडळींनी हा हिशेब केलेला आहे, मला स्वतंत्र मांडून दाखवायची गरज नाही.

पण म्हणून वेल्डरला सोडायचं नाही. हेराल्डला मधोमध दोन दांडे आणि त्यांना बाजूला फुटलेले आउटरिगर, त्यांच्यावर बॉडी टेकते. दाराखालचा सिल निव्वळ शोभेचा, बोल्टने लावलेला; ताकद सगळी चासीत. आउटरिगर सडतो तो वरून, बॉडीच्या फ्लोअरखाली चिखल साठून, म्हणजे खाली वाकून बघितलं तर ठणठणीत दिसणार आणि पेचकस लावला की आरपार. मग वेल्डर काय करतो? दोन्ही बाजूंचे एकदम कापतो, अंदाजाने टेकवतो आणि ३.१५ मिमीचा रॉड घेऊन सुटतो. सोळा गेजच्या पत्र्यावर! भोकं पडतात, ती भरायला आणखी रॉड, आणखी तापवणं, आणि चासी एका अंगाला ओढली जाते. दारं लटकवायची वेळ येते तेव्हा वरची फट चार मिमी आणि खालची दहा. "बिजागरी वाकवून देतो ना."

एक आउटरिगर कापा, तोच बसवा, दारं लटकवून फट बघा, कर्ण मोजा, तीन मिमीपेक्षा जास्त फरक नको, मगच दुसऱ्याला हात लावा. मिग वेल्डिंग, ०.८ ची तार, आधी टाके, मग इकडे एक इंच, तिकडे एक इंच. हे सांगितलं की वेल्डर असा बघतो जणू त्याच्या आजोबांचा अपमान झाला. एकाने तर तोडगा काढला, "शेठ, खाली जीपची चासी टाकू. इथे पैशाला पासरी." हो, आणि आरटीओला काय सांगायचं? २०२१ च्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमात गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको असं स्वच्छ लिहिलंय. नवीन नोंदणीची फी वीस हजार. एवढं भरूनही गाडी न्यायची रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला नि दुरुस्तीला. दुरुस्तीचा प्रश्न नाही म्हणा, तिथे तर आम्ही कायमचेच.

आता बॉनेट. ऑक्सी-ॲसिटिलीनची बारीक ज्योत, फुगवट्याच्या मधोमध रुपयाएवढा ठिपका लाल करायचा, खाली डॉली, म्हणजे टेकूचा लोखंडी ठोकळा, धरून भोवतीने हलके ठोके, लगेच ओला बोळा. मग थांबायचं, हात फिरवायचा, पुढचा ठिपका. घाई केली की पत्रा दुसरीकडे उसळतो. एवढ्या क्षेत्रफळाला असे किती ठिपके लागतील याचा विचार करायला बसलं की चहा कडू लागतो.

आणि हे सगळं जमलं तरी गाठ बोल्टच्या दुकानदाराशी आहेच. हेराल्डला अडीच सुताचे, म्हणजे ५/१६ इंची, बारीक आट्याचे बोल्ट लागतात, इंचाला चोवीस आटे. हा देतो आठ एमएमचे. जाडी जवळपास सारखीच, ७.९४ मिमीला ८ मिमी, म्हणून दोन फेरे अगदी गोडीत जातात, मग अडतो. चार सुताच्या पान्याऐवजी तेरा नंबरचा लावून डोकं गोल करायचं ते वेगळंच. बॉडीतला नट वेल्ड केलेला असतो, तो फाटला की पत्रा कापूनच बाहेर. हे काउंटरवर सांगितलं तर दुकानदार मोबाइलमधून मान वर न काढता म्हणतो, "तेलाचा थेंब टाका, जाईल."

जाईल की. आटे जातील.