शुगर कंट्रोलमध्ये आहे, मग ताईच्या लघवीत प्रोटीन का?

आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. मजकूर थोडक्यात असा: ‘शुगर कंट्रोलमध्ये असेल त्याची किडनी कधीच जात नाही. गेली म्हणजे त्याने पथ्य मोडलं. आनुवंशिकता हा नुसता बहाणा. खरं कारण शरीरातली सूज, म्हणून सूज उतरवणारी गोळी रोज घ्या. क्रिएटिनिन नॉर्मल असेल तर निर्धास्त राहा.’

तो वाचून ताईचा फोन आला. “माझंच कुठे चुकलं का रे?”

ताईची एक वही आहे. तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर, डोस असे चार रकाने, आणि एकही दिवस कोरा नाही. मधुमेह आम्हा दोघांनाही. तिचं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, कित्येक वर्षं 7 च्या आसपास आहे. माझं साडेआठच्या खाली क्वचितच येतं. तरी लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो (अल्ब्युमिन हे प्रोटीन लघवीतून किती गळतंय त्याचा आकडा, जो 30 च्या आत हवा) तिचा 340 आणि माझा 12. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण हा मेसेज वाचून स्वतःला दोष देणारी ती एकटी नसणार.

साखरेचं महत्त्व मी नाकारत नाही. टाइप 1 मधुमेहाच्या 1,441 रुग्णांवर झालेल्या डीसीसीटी या अभ्यासाचे निष्कर्ष 1993 मध्ये आले. साखर काटेकोर सांभाळणाऱ्या गटात लघवीत थोडं अल्ब्युमिन जाण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी आणि जास्त जाण्याचं 54 टक्क्यांनी कमी झालं. हा फायदा मोठाच आहे, पण म्हणजे साखर सांभाळूनही काहींना त्रास झालाच. मधुमेह असलेल्यांपैकी साधारण 30 ते 40 टक्के लोकांना किडनीचा आजार होतो. उरलेल्यांत साखर वर्षानुवर्षं सैल राहिलेलेही असतात. बोस्टनचं जॉस्लिन डायबिटीज सेंटर 50 वर्षं इन्सुलिनवर काढलेल्यांना पदक देतं. त्यांच्यापैकी अनेकांच्या किडन्या आजही शाबूत आहेत, आणि त्या सगळ्यांचीच साखर आदर्श नव्हती.

मग फरक कुठून येतो? 1989 मध्ये अमेरिकेत एक साधा प्रश्न विचारला गेला: एका भावंडाची किडनी मधुमेहाने बिघडली असेल, तर मधुमेह असलेल्या दुसऱ्या भावंडाचं काय? अशा भावंडांपैकी 83 टक्क्यांच्या किडनीत बिघाड सापडला. पहिल्या भावंडाची किडनी ठीक असेल तिथे हे प्रमाण 17 टक्के होतं. गट छोटा होता, आणि भावंडांचं घरही एकच असतं, म्हणून पुढे थेट जनुकं तपासली गेली. 2019 मध्ये टाइप 1 मधुमेहाच्या जवळपास 20,000 रुग्णांच्या अभ्यासात सीओएल4ए3 या जनुकातला एक बदल सापडला. किडनीच्या गाळणीचा जो पातळ पडदा असतो, त्याच्या विणीतला एक धागा हे जनुक बनवतं. हा बदल असलेल्यांना संरक्षण मिळतं, आणि साखर जास्त असलेल्यांत ते अधिक ठळक दिसतं. दुसरं उदाहरण पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांमधलं. त्यांच्यातले एपीओएल1 जनुकाचे काही प्रकार निद्रारोग या आफ्रिकेतल्या संसर्गाच्या परजीवीपासून वाचवतात, पण आई आणि वडील दोघांकडून आले तर किडनी लवकर थकवतात.

याला बहाणा म्हणणं क्रूरपणाचं आहे. त्याचबरोबर, कोणतंही एक जनुक निकाल लावून टाकत नाही. अनेक बारीक बदलांची ती बेरीज असते. म्हणून महागड्या जनुक-तपासणीआधी घरात विचारा: कुणाची किडनी गेली होती का, कुणाला डायलिसिस लागलं होतं का? आमच्या वडिलांना लागलं होतं.

सगळ्यात जास्त राग मला गोळीच्या सल्ल्याचा आला. ‘सूज’ या शब्दाने इथे मोठा घोळ घातलाय. पाय सुजतात ते पाणी साठल्यामुळे. किडनीत जो होतो तो दाह, आणि तो ना दिसतो ना दुखतो. जास्त साखर आणि गाळणीवरचा वाढलेला दाब यांनी त्रासलेल्या पेशी रासायनिक हाका देतात, त्या ऐकून पांढऱ्या पेशी जमतात, आणि हळूहळू तिथे वण तयार होतात. रक्तातले टीएनएफ रिसेप्टर, म्हणजे दाहाचा संदेश झेलणारी प्रोटीनं, वाढलेले असतील तर किडनी निकामी होण्याचा धोका कित्येक वर्षं आधी कळू शकतो, हे 2012 मध्ये जॉस्लिनच्याच संशोधकांनी दाखवलं. म्हणजे दाहाची गोष्ट खरी आहे. उपाय मात्र घातक आहे.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या सूज-दुखीवरच्या गोळ्या किडनीतला हा दाह थांबवत नाहीत. उलट किडनीत रक्त आणणारी बारीक वाहिनी उघडी ठेवणारं रसायनच त्या कमी करतात. सोबत ब्लडप्रेशरची आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर किडनी अचानक बसू शकते. ताईने विचारलंच होतं, “गुडघ्यासाठी आणलेली पडली आहे घरात, तीच घेऊ का?” मी म्हटलं, आधी ती गोळ्यांची पट्टी कपाटातून काढून टाक.

दाहावर थेट घाव घालणंही सोपं नाही. बार्डॉक्सोलोन या दाह कमी करणाऱ्या औषधाची मोठी चाचणी 2012 मध्ये हार्ट फेल्युअर वाढल्यामुळे थांबवावी लागली. उपयोग सिद्ध झालाय तो वेगळ्या औषधांचा. लोसार्टन आणि इर्बेसार्टन या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचा 2001 मध्ये. कॅनाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळीचा 2019 मध्ये, ज्याने किडनी निकामी होण्यासारख्या गंभीर घटनांचा धोका 30 टक्क्यांनी घटवला. फिनेरेनोनचा 2020 मध्ये. कुणाला कोणतं चालेल ते डॉक्टर ठरवतील.

आणि क्रिएटिनिन? किडनी रक्तातून गाळून टाकते तो हा टाकाऊ पदार्थ. रक्तात ते उशिरा वाढतं. तोवर गाळणीचं बरंच नुकसान झालेलं असतं. लघवीतला रेशो 30 च्या वर गेला की तो आधी बोलतो. टाइप 2 मध्ये निदान झाल्यापासून आणि टाइप 1 मध्ये पाच वर्षांनंतर तो दरवर्षी तपासायचा. एकदा जास्त आला तर पुन्हा तपासून खात्री करायची, कारण ताप किंवा लघवीतल्या जंतुसंसर्गानेही तो वाढतो.

ताईचा दुसरा नमुनाही जास्तच आला आणि तिची औषधं बदलली. मी म्हटलं, वही मात्र सोडू नकोस. तिने तोवर मोजपट्टी घेऊन पाचवा रकाना आखलाही होता. वर लिहिलं होतं, ‘लघवी रेशो’, आणि खाली पहिला आकडा, 340.