‘गाठीला लोखंड लावू नका’ या संदेशाला उत्तर

गेली काही वर्षे नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरून फिरून येत असतो. त्यात चार विधाने असतात: गाठीला लोखंड लागले, म्हणजे सुई टोचली किंवा तुकडा काढला, की कर्करोग चेकाळतो आणि अंगभर पसरतो, गाठ दुखत नसेल तर ती चरबीची किंवा वाताची असते, खात्रीच करायची तर रक्ताची तपासणी पुरते, आणि कर्करोग निघालाच तर कोणी वाचत नाही, तेव्हा तो न कळलेलाच बरा. हा मजकूर पाठवणारी माणसे आपलीच असतात आणि त्यांचा हेतू चांगला असतो, म्हणूनच त्याला नुसते ‘अफवा’ म्हणून सोडून देणे मला बरोबर वाटत नाही.

सुईची भीती सर्वांत खोल रुजलेली आहे, आणि ती डोळ्यांनी पाहिलेल्या अनुभवातून आलेली आहे. आपल्याकडे कर्करोगाचे पुष्कळ रुग्ण डॉक्टरांकडे पोहोचतात तेच आजार बराच पुढे गेल्यावर. त्यानंतर बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी, होते, अहवाल येतो आणि काही महिन्यांत माणूस खंगतो. घरच्यांच्या लक्षात राहते ती बायोप्सीची तारीख. त्याआधी गाठ गुपचूप वाढत होती ते वर्ष कोणाच्याच लक्षात राहत नाही. मग ‘सुई लावली आणि भडकला’ हे वाक्य तयार होते आणि पुढच्या घरातल्या गाठीला तेच लागू केले जाते.

प्रत्यक्षात घडते ते असे. सुईच्या तपासणीत नेहमीच्या इंजेक्शनसारखीच बारीक सुई गाठीत घालून काही पेशी ओढून घेतात, त्या काचपट्टीवर पसरतात आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. थोडा मोठा नमुना हवा असेल तर जागा बधिर करून जाड सुईने शेवईच्या बारीक तुकड्याएवढी पेशींची पट्टी काढतात. आजार कर्करोगाचा आहे की नाही आणि असल्यास कोणत्या प्रकारचा, हे त्या पट्टीवरून ठरते. शस्त्रक्रिया आधी करायची की केमोथेरपी, हेही पुष्कळदा त्यावरच अवलंबून असते. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत, ती लपवण्याचे कारण नाही. पण ती विरळ आहेत आणि डॉक्टर ती धरूनच चालतात. वृषणाच्या संशयित गाठीत म्हणूनच सुई घालत नाहीत, तर हाडाच्या गाठीची बायोप्सी पुढे होणाऱ्या शस्त्रक्रियेच्या छेदाच्या रेषेतच घेतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून २०१५ साली निष्कर्ष मांडले. शस्त्रक्रियेआधी सुईची तपासणी झालेले रुग्ण ती न झालेल्यांपेक्षा कमी जगले नव्हते.

या विषयात जपायचे असेल तर एका वेगळ्याच गोष्टीला जपावे. एखाद्या लहान दवाखान्यात गाठ काढतात, टाके घालतात आणि काढलेली गाठ कचऱ्यात जाते. काढलेली प्रत्येक गाठ फॉर्मॅलिनच्या, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावाच्या, बाटलीत घालून तपासणीला गेली पाहिजे आणि तिचा लेखी अहवाल रुग्णाच्या हातात आला पाहिजे.

दुसरे विधान मला अधिक घातक वाटते, कारण ते माणसाला घरातच थांबवते. आरंभीचा कर्करोग बहुधा दुखत नाही. आजार नसांपर्यंत किंवा हाडांपर्यंत पोहोचला की वेदना सुरू होतात. माझ्या मावशीला आंघोळ करताना स्तनात हरभऱ्याएवढी गाठ लागली होती. दुखत नव्हती, म्हणून आठ महिने तिने कोणालाच सांगितले नाही, आणि लेकीला दाखवली तेव्हा ती लिंबाएवढी झाली होती. स्तनातल्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात हे खरे आहे, परंतु आपली गाठ त्या बहुसंख्यांतली आहे की नाही हे बोटांना कळत नाही.

तोंडाच्या कर्करोगाचेही तसेच आहे. तंबाखू, गुटखा, मावा, खर्रा किंवा मिशेरी यांची सवय असलेल्या माणसाने आरशासमोर उभे राहून गालाची आतली बाजू आणि जिभेच्या कडा पाहाव्यात. पांढरा किंवा लाल चट्टा, अथवा तीन आठवड्यांत न भरलेला व्रण दिसला तर तो दुखण्याची वाट पाहू नये. पूर्वी तीन बोटे उभी मावत होती त्या तोंडात आता दोनच मावत असतील, तर तेही दाखवण्याचेच कारण आहे. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त जाणे, शौचातून पडणारे रक्त मूळव्याधीचे समजून अंगावर काढणे, तीन आठवडे बसलेला आवाज, यांतही सुरुवातीला वेदना नसते.

रक्ताच्या तपासणीबद्दल थोडक्यात सांगता येईल. रक्ताच्या कर्करोगात तिचे महत्त्व मोठे आहे. गाठीच्या कर्करोगात मात्र ‘ट्यूमर मार्कर’, म्हणजे काही कर्करोगांत रक्तात वाढणारे पदार्थ, मुख्यतः उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी वापरतात. अंडाशयाच्या कर्करोगासाठी मोजला जाणारा सीए-१२५ पाळीच्या दिवसांत किंवा गरोदरपणातही वाढू शकतो, आणि अगदी आरंभीच्या कर्करोगात पुष्कळदा वाढलेला नसतो. अहवाल चांगला आला म्हणून गाठ विसरून जाणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक आहे.

‘न कळलेलेच बरे’ याला उत्तर आपल्याच मातीत मिळालेले आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय यांच्या सहभागाने ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गावांत गर्भाशयमुखाची एचपीव्ही तपासणी, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची तपासणी, आयुष्यात केवळ एकदा केली गेली, तेथे या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. आज तिशी ओलांडलेल्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची प्राथमिक तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचारही येतात.

हा संदेश कोणी पाठवला तर त्या माणसाला फोन करून एवढे अवश्य विचारावे, की घरात कोणाला गाठ आहे का. मावशीनेही तो आम्हा सगळ्यांना पाठवला होता. त्या दिवशी गाठ तिच्या अंगावर होती, आणि आम्ही खाली हात जोडल्याचे चिन्ह टाकून पुढचा संदेश वाचायला घेतला होता.